जिंकणारी धाव निघाली होती, मग मर्कल आउट कसा?

प्रश्न विचारणारे सर एका जिल्ह्याच्या ठिकाणी क्रीडाशिक्षक आहेत. त्यांच्या मुलांचा शालेय बेसबॉलचा सामना शेवटच्या इनिंगपर्यंत बरोबरीत होता. दोन आउट (तिसरा आउट झाला की इनिंग संपते), पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर रनर. बॅटरनं बॉल आउटफिल्डमध्ये मारला, तिसऱ्यावरचा मुलगा होम प्लेटवर, म्हणजे बॅटर उभा राहतो आणि जिथं पोचलं की धाव होते त्या जागी, आला आणि बाकावरची सगळी पोरं नाचत मैदानात घुसली. पहिल्या बेसवरचा मुलगाही दुसऱ्या बेसकडे जाता जाता अर्ध्यातून वळला आणि नाचात सामील झाला. समोरच्या संघानं बॉल मागवून दुसऱ्या बेसवर पाय ठेवला, आणि अंपायरनं धाव रद्द केली. सरांनी नंतर शोधाशोध केली तेव्हा त्यांना १९०८ सालच्या न्यूयॉर्क-शिकागो सामन्याची हुबेहूब अशीच गोष्ट सापडली; तिथं दुसऱ्या बेसवर न जाता वळलेला रनर होता न्यूयॉर्कचा फ्रेड मर्कल. आता त्यांचा प्रश्न असा: जिंकणारी धाव निघाली की मॅच संपते ना? मग तेव्हा आणि आता, दोन्हीकडे पळवाट काढून अन्यायच झाला ना? आणि पोरांना काय सांगायचं?

मी मूळचा मिरजेचा. गेली सतरा वर्षं न्यू जर्सीत शाळांच्या आणि लहान मुलांच्या बेसबॉल सामन्यांना अंपायर म्हणून उभा राहतो. त्याआधीचं सगळं आयुष्य क्रिकेटमध्ये गेलं, त्यामुळे सरांची तगमग मला पुरेपूर कळते. ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझंही डोकं असंच फिरलं होतं.

पण सर, तुम्ही दोन वेगळे प्रश्न एकत्र बांधलेत. धाव मोजायची की नाही, हा नियमाचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर सरळ आहे. जो नियम कोणीच पाळत नव्हतं तो एके दिवशी अचानक एका पोरावर लावला, हे बरोबर का, हा दुसरा प्रश्न. खरी ठसठस तिथं आहे.

आधी नियम. आपल्या मनात क्रिकेट पक्कं बसलेलं असतं: विजयाची धाव झाली की पुढचं सगळं शून्य. १६ ऑगस्ट २०१० ला दांबुल्यात भारताला एक धाव हवी होती, सेहवाग ९९ वर होता. रणदीवनं नो-बॉल टाकला, सेहवागनं त्यावर षटकार मारला, पण नो-बॉलच्या धावेनं सामना आधीच संपला होता. सेहवाग ९९ वरच राहिला. आपण तेव्हा रणदीवला शिव्या घातल्या, पण सामना संपलाच नव्हता असं कोणी म्हटलं नाही.

आता त्याच क्रिकेटमधलं दुसरं चित्र बघा. शेवटच्या बॉलवर एक धाव हवी आहे. स्ट्रायकर पळत नॉन-स्ट्रायकरच्या टोकाला पोचला. पण त्याचा जोडीदार आनंदात मधूनच वळला आणि पॅव्हेलियनकडे निघाला. विकेटकीपरनं बॉल घेऊन बेल्स उडवल्या. धाव झाली का? नाही. ती एक धाव दोघांनी मिळून पुरी करायची असते. एक जण पोचला आणि दुसरा रनआउट झाला, तर ती धाव जमा होत नाही. हे तुमच्या वर्गातला सातवीचा मुलगाही सांगेल.

मर्कलचं प्रकरण या दुसऱ्या चित्रासारखं आहे, सेहवागसारखं नाही.

बेसबॉलमध्ये एका बेसवर एकच रनर राहू शकतो. बॅटरनं बॉल मारला की त्याला पहिला बेस हवा, म्हणून पहिल्यावरच्याला तो खाली करून दुसऱ्यावर जावंच लागतं. एसटी स्टँडवर मागची गाडी फलाटाला लागायला आली की पुढचीला हलावं लागतं, तसं. या सक्तीला फोर्स म्हणतात. फोर्स असताना फील्डरला रनरला बॉल लावायची गरज नसते. बॉल हातात घेऊन बेसवर पाय ठेवला की रनर आउट. आणि नियम असा, की तिसरा आउट फोर्सनं झाला तर त्या खेळात निघालेली धाव मोजत नाहीत, भले रनर होम प्लेटवर आधी पोचलेला असो. किती आधी, याला महत्त्व नाही.

फोर्स नसेल तर हिशोब बदलतो. समजा मर्कल दुसऱ्या बेसवर पोचला असता आणि तिसऱ्याकडे जाताना त्याला बॉल लावून आउट केलं असतं, तर आधी काय झालं हे बघावं लागलं असतं. होम प्लेटला पाय आधी लागला असेल तर धाव पक्की. याला आम्ही टाइम प्ले म्हणतो. दोन आउट झाले आणि अशी शक्यता असली की आम्ही अंपायर खेळ सुरू होण्याआधी मनगटावर दोन बोटं टेकवून एकमेकांना खूण करतो: लक्ष ठेव, वेळ मोजायला लागेल. नवख्या अंपायरचा घोटाळा इथंच होतो, तो फोर्सलाही टाइम प्लेसारखंच वागवतो. मीही पहिल्या वर्षी केलाय.

आता तो दिवस. बुधवार, २३ सप्टेंबर १९०८. न्यूयॉर्क शहराच्या उत्तर मॅनहॅटनमधलं पोलो ग्राउंड्स. नॅशनल लीग या अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धेत न्यूयॉर्क जायंट्स, शिकागो कब्ज आणि पिट्सबर्ग पायरेट्स या तिघांत शेवटच्या आठवड्यांची चुरस चाललेली. आदल्याच दिवशी शिकागोनं न्यूयॉर्कला एका दिवसात दोन सामन्यांत हरवलं होतं. न्यूयॉर्ककडून पिचर (बॉल टाकणारा) ख्रिस्टी मॅथ्यूसन, म्हणजे त्या काळातलं सर्वांत मोठं नाव. समोर डावखुरा जॅक फीस्टर, ज्याला न्यूयॉर्कविरुद्धच्या कामगिरीमुळे 'जायंट किलर' म्हणायचे.

न्यूयॉर्कचा नेहमीचा फर्स्ट बेसमन फ्रेड टेनी याची त्या दिवशी कंबर धरली होती. त्या मोसमात तो बाहेर बसला असा हा एकच सामना. त्याच्या जागी आला फ्रेड मर्कल, वय १९. बिचाऱ्याच्या कपाळी काय लिहिलं होतं बघा: सुरुवातीपासून खेळायची संधी मिळाली, ती नेमकी या सामन्यात.

पाचव्या इनिंगमध्ये शिकागोच्या जो टिंकरनं मारलेला बॉल माइक डॉनलिनला आउटफिल्डमध्ये अडवता आला नाही आणि टिंकर चारही बेस पळून आला. सहाव्यात त्याच डॉनलिननं फटका मारून हर्झॉगला आत आणलं आणि झालेलं नुकसान भरून काढलं. १-१. मग नववी इनिंग, न्यूयॉर्कची बॅटिंग. सेमोर आउट. डेव्हलिनचा सिंगल, म्हणजे पहिल्या बेसपर्यंत नेणारा फटका. मॅककॉर्मिकच्या बॉलवर डेव्हलिन दुसऱ्या बेसवर फोर्स आउट. हे लक्षात ठेवा, कारण काही मिनिटांपूर्वीच त्याच बेसवर तोच नियम लागलेला होता आणि कोणाची काही तक्रार नव्हती. मग मर्कलनं उजवीकडे सुंदर सिंगल मारला आणि मॅककॉर्मिक तिसऱ्यावर पोचला. म्हणजे जिंकायची परिस्थिती उभी करण्यात मर्कलचा वाटा होता. हे नंतर फार थोड्या लोकांनी ध्यानात ठेवलं.

पुढचा बॅटर अल ब्रिडवेल. त्यानं सरळ मधून बॉल मारला, इतका कडक की बेसवरचे अंपायर बॉब एम्सली तो चुकवताना जमिनीवर पडले. मॅककॉर्मिक होम प्लेटवर आला. लोक कुंपणं ओलांडून मैदानात. मर्कल दुसऱ्या बेसच्या दिशेनं काही अंतर गेला आणि मग वळून क्लबहाउसकडे, म्हणजे खेळाडूंच्या खोल्यांकडे, पळाला.

तो का पळाला, हे कळायला ते मैदान डोळ्यांपुढे आणावं लागतं. पोलो ग्राउंड्सचं क्लबहाउस सेंटर फील्डच्या पलीकडे होतं आणि प्रेक्षक सामना संपला की मैदानातूनच बाहेर पडायचे. खेळाडूंना त्या गर्दीच्या आधी तिथं पोचायची घाई असायची. शेवटच्या फटक्यावर मागचा रनर पुढच्या बेसपर्यंत न जाता तसाच निघून जाणं, ही तेव्हाची सर्रास सवय होती. मोठमोठे खेळाडू तसंच करायचे आणि अंपायर बघूनही सोडून द्यायचे.

पण शिकागोचा सेकंड बेसमन जॉनी एव्हर्स सोडणारा नव्हता. किडकिडीत, कायम वाद घालणारा आणि नियमांचं पुस्तक पाठ असलेला माणूस. त्यानं सेंटर फील्डर हॉफमनकडे बॉल मागितला. इथून पुढं प्रत्येकाची साक्ष वेगळी आहे. न्यूयॉर्कचा पिचर जो मॅकगिनिटी त्या दिवशी खेळत नव्हता, पण काय चाललंय हे त्याच्या लगेच लक्षात आलं. त्यानं बॉल पकडून गर्दीत भिरकावला, असं बहुतेकांनी सांगितलं. मग एव्हर्सच्या हातात जो बॉल आला तो तोच होता की दुसरा, यावर दोन्ही बाजू कायम भांडत राहिल्या. एव्हर्स मात्र दुसऱ्या बेसवर उभा राहून बॉल दाखवत होता.

एम्सली पडले होते, त्यांनी मर्कलला पाहिलं नव्हतं. त्यांनी प्लेटवरचे अंपायर हँक ओ'डे यांना विचारलं. ओ'डे यांनी पाहिलं होतं: मर्कल दुसऱ्या बेसवर गेला नाही, तो आउट, धाव नाही. मैदान लोकांनी भरलेलं, उजेड जात चाललेला, त्यामुळे पुढं खेळणं अशक्य. सामना १-१. बहुतेक प्रेक्षक न्यूयॉर्क जिंकलं असं समजूनच घरी गेले.

इथं अंपायर म्हणून मला जे सांगायचंय ते हे. ओ'डे पाहू शकले ते योगायोगानं नाही. ४ सप्टेंबरला पिट्सबर्गमध्ये हाच शिकागो संघ, हाच एव्हर्स आणि एकटे अंपायर म्हणून हेच ओ'डे होते. दहाव्या इनिंगमध्ये जिंकणारी धाव निघाली, पायरेट्सचा वॉरन गिल दुसऱ्या बेसला पाय न लावता निघून गेला. एव्हर्सनं बॉल मागून बेस दाबला. ओ'डे म्हणाले, मी पाहिलं नाही. पिट्सबर्ग १-० जिंकलं. शिकागोनं तक्रार केली, ती फेटाळली गेली, पण प्रश्न ओ'डे यांच्या डोक्यात गेला. एकोणीस दिवसांनी तीच परिस्थिती आली तेव्हा त्यांची नजर जिथं असायला हवी तिथं होती.

माझ्या अनुभवात अंपायरचे बहुतेक चुकीचे निर्णय नियम माहीत नसल्यामुळे होत नाहीत, नजर भलतीकडे असल्यामुळे होतात. बॉल जातो तिकडे सगळे बघतात, आपणही बघतो, आणि तेवढ्यात एक पाय बेसला लागायचा राहून जातो. बारा वर्षांच्या मुलांच्या एका सामन्यात मी बेसवर होतो. हुबेहूब तुमचीच परिस्थिती. धाव निघाली, पालक मैदानात, कोणीतरी पाण्याची बादली ओतली, आणि समोरचा कोच माझ्याकडे येऊन शांतपणे म्हणाला, तो मुलगा दुसऱ्यावर गेलाच नाही. मी कबूल केलं की मी पाहिलं नाही. प्लेटवरच्या जोडीदारानंही पाहिलं नव्हतं. धाव दिली. तो कोच बरोबर होता हे मला त्या मुलाच्या चेहऱ्यावरून कळत होतं, पण चेहऱ्यावरून आउट देता येत नाही. घरी येईपर्यंत गाडीत रेडिओ लावला नाही. तेव्हापासून दोन आउट आणि फोर्स असला की बॉल सुटायच्या आधी मी जोडीदाराला सांगतो: पहिला आणि दुसरा बेस माझा, तिसरा आणि होम तुझं. शेवटचा पाय लागेपर्यंत कोणी हलायचं नाही.

म्हणून ओ'डे चुकले असं मी म्हणणार नाही. आउट बरोबर होता. मर्कल जिवंत फोर्सखाली होता आणि ओ'डे यांनी पाहिल्याप्रमाणे त्यानं बेस गाठला नाही. बॉल बदलला होता का, हा मुद्दा मात्र खरा आहे. गर्दीत गेलेल्या बॉलच्या जागी दुसराच बॉल आणून बेस दाबला असेल तर तो आउट नव्हे. उलट मॅकगिनिटीनं मुद्दाम बॉल फेकला असेल तर ती न्यूयॉर्कची लुडबूड, आणि तिचा फायदा न्यूयॉर्कला देता येत नाही. म्हणजे एकीकडे आड, एकीकडे विहीर. माझी टीका एवढीच, की निर्णय ठणकावून तिथल्या तिथं जाहीर व्हायला हवा होता. तो हळूहळू झिरपत बाहेर आला आणि त्यामुळे त्याला कटाचा वास लागला.

लीगचे अध्यक्ष हॅरी पुलियम यांनी ओ'डे यांचा निर्णय उचलून धरला. न्यूयॉर्कचं म्हणणं आम्ही जिंकलो, शिकागोचं म्हणणं न्यूयॉर्कनं सामना सोडला असं धरून आम्हाला द्या. दोन्ही फेटाळलं गेलं. मोसम संपला तेव्हा न्यूयॉर्क आणि शिकागो, दोघांचेही ९८ विजय आणि ५५ पराभव. मग बरोबरीत राहिलेला तो सामना ८ ऑक्टोबरला पोलो ग्राउंड्सवरच खेळवला. फीस्टर पहिल्याच इनिंगमध्ये डळमळला, त्याच्या जागी मॉर्डेकाय ब्राउन आला. लहानपणी शेतावरच्या यंत्रात बोट गमावलेला हा पिचर त्या अर्धवट बोटांनी असा बॉल फिरवायचा की भलेभले चुकायचे. शिकागोनं तिसऱ्या इनिंगमध्ये मॅथ्यूसनकडून चार धावा काढल्या आणि सामना ४-२ असा जिंकला. पुढं वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन मोठ्या लीगांच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका, तीही जिंकली, आणि त्यानंतरचं त्यांचं वर्ल्ड सिरीजचं विजेतेपद आलं थेट २०१६ मध्ये.

मर्कलला मात्र 'बोनहेड' म्हणजे ठोंब्या हे नाव चिकटलं ते जन्मभर. न्याय-अन्यायाचं विचारत असाल तर माझ्या मते अन्याय हा आहे, रद्द झालेली धाव नव्हे. त्या सामन्यानंतर फिलाडेल्फियाच्या हॅरी कोव्हेलेस्की या नवख्या पिचरनं न्यूयॉर्कला पाच दिवसांत तीनदा हरवलं. त्यातला एक जरी सामना जिंकला असता तर मोसमाअखेर न्यूयॉर्क शिकागोच्या एक विजय पुढं राहिलं असतं. त्या तीन पराभवांबद्दल कोणाला टोपणनाव मिळालं नाही. न्यूयॉर्कचा व्यवस्थापक जॉन मॅग्रॉ, जो एरवी चुकीला चामडी सोलायचा, त्यानं मर्कलला कधी दोष दिला नाही. त्याला संघात ठेवलं, पगारही वाढवला. त्याचं म्हणणं होतं की मोसमात आपण असे कितीतरी सामने घालवले, एकट्या पोरावर का ढकलायचं. मर्कल १९२६ पर्यंत मोठ्या लीगमध्ये दिसत राहिला. १९१२ च्या वर्ल्ड सिरीजच्या शेवटच्या सामन्यात दहाव्या इनिंगमध्ये त्याच्याच फटक्यानं न्यूयॉर्क पुढं गेलं होतं, आणि तरीही ते हरले. पुढं तो शिकागो कब्जकडूनही खेळला. नशीब तरी कसं चेष्टा करतं बघा.

आता तुमच्या सामन्याकडे. तुम्ही दिलेल्या माहितीवरून निर्णय बरोबर वाटतो, पण काही गोष्टी तिथं उभं राहिलेल्यालाच माहीत. बेस दाबला तो खेळातलाच बॉल होता ना? तो मधे बाकावरच्या कोणाच्या हाताला लागला का? अंपायरनं तुमचा मुलगा वळताना स्वतः पाहिलं, की समोरचे ओरडले म्हणून आउट दिला? पाहिलं नसताना दिला असेल तर तुमची तक्रार योग्य आहे, ती अंपायरच्या कामाबद्दल करा, नियमाबद्दल नको. आणि पोरं मैदानात घुसल्यामुळे रनरला वाटच मिळाली नाही असं म्हणणार असाल, तर घुसलेली पोरं तुमचीच होती, म्हणून तो मुद्दा चालणार नाही. प्रेक्षकांनी वाट अडवली तर सूट देणारी तरतूद आजच्या नियमांत आहे, पण ती बेस भरलेले असताना मिळालेल्या वॉकसारख्या (पिचरनं चार चुकीचे बॉल टाकले की बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस) प्रसंगापुरती. तिथं रनरला पुढचा बेस बक्षीस मिळालेलाच असतो. तुमच्या खेळात फटका होता, बॉल जिवंत होता.

पोरांना क्रिकेटवरूनच सांगा: दोघांनी क्रीझ गाठल्याशिवाय धाव नाही, तसं इथं ज्याला ज्याला पळणं भाग आहे त्यानं पुढचा बेस गाठल्याशिवाय धाव नाही. मग सरावात शेवटचा खेळ रोज असाच घ्या. पहिल्या-तिसऱ्यावर रनर, दोन आउट, फटका. बाकावरच्यांना मुद्दाम ओरडत मैदानात यायला सांगा. आणि पहिल्यावरच्या मुलानं दुसऱ्या बेसवर दोन्ही पाय ठेवून हात वर करायचा, तुम्ही शिट्टी वाजवेपर्यंत तिथंच. आमच्याकडच्या एका कोचनं हे सुरू केलं तेव्हा मुलं पहिले चार दिवस हसत होती. पाचव्या दिवशी बॅटिंग करणारा पहिल्या बेसवर पोचून तिथूनच ओरडायला लागला, "दुसऱ्यावर जा, दुसऱ्यावर जा!"

तुमच्या त्या मुलाला पुढच्या सामन्यात पहिल्या फळीतच ठेवा, सर. मॅग्रॉनं ठेवलं होतं.